कासिनोचा सेनापती : जनरल फॉन झेंगर



दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाडा-सेनापती म्हटला की आपल्यापुढे दोन-तीन नावे चटकन उभी राहतात. रोमेल, गुडेरियन, फार तर मानस्टाइन. रोमेलवर चित्रपट निघाले, गुडेरियनच्या आठवणी जगभर वाचल्या गेल्या. आज मी यांच्यापैकी कोणाविषयीही बोलणार नाही. मी ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल, आणि ते उच्चारायलाही जरा अवघडच आहे : फ्रिडोलिन फॉन झेंगर उंड एटरलिन. आपण त्याला नुसते झेंगर म्हणू.

हा मनुष्य निवडण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, त्याच्या फौजांशी आपल्या हिंदी पलटणी प्रत्यक्ष लढल्या आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हिटलरचे बहुतेक सेनापती एक तर त्याचे भक्त होते, नाही तर आपण केवळ शिपाईगडी, राजकारण आपल्याला कळत नाही, असे म्हणून हात झटकणारे होते. झेंगरला ती सबब नव्हती. तो ऑक्सफर्डला शिकलेला, अनेक भाषा जाणणारा, धर्मनिष्ठ आणि कलांचा जाणकार होता. आपण कोणाची चाकरी करीत आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते. आणि तरीही तो अखेरच्या दिवसापर्यंत लढला. नुसता लढला नाही, उत्तम लढला. अशा माणसाचे काय करायचे, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

त्याचा जन्म ४ सप्टेंबर १८९१ चा, बाडेन प्रांतातील वाल्ड्सहूट या गावचा. ऱ्हाइन नदीच्या काठी, पलीकडे लगेच स्वित्झर्लंड. घराणे जुने, कॅथलिक. या कॅथलिकपणाला महत्त्व आहे, कारण जर्मन सैन्यातील वजनदार अधिकारी बहुतेक प्रशियन आणि प्रॉटेस्टंट असत. दक्षिणेकडचा कॅथलिक त्या गोटात थोडा परकाच राही. १९१२ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. सेसिल ऱ्होड्सने आपल्या मृत्युपत्रात जर्मन विद्यार्थ्यांसाठीही काही जागा राखून ठेवल्या होत्या आणि त्यांची निवड खुद्द कैसर करीत असे. इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका यांचे तरुण एकत्र शिकले म्हणजे जगात लढाया होणार नाहीत अशी ऱ्होड्सची कल्पना. दोन वर्षांत काय झाले ते आपण जाणतोच. १९१४ साली झेंगर तोफखान्यात होता, आणि त्याचे ऑक्सफर्डचे सोबती समोरच्या खंदकात.

त्या युद्धानंतर तो सैन्यातच राहिला, पण घोडदळात. वीस वर्षे त्याने घोड्यांच्या संगतीत काढली. तो नाणावलेला घोडेस्वार होता. पुढे जे अनेक जर्मन अधिकारी रणगाड्यांकडे आले ते याच वाटेने आले. घोडा जाऊन त्याच्या जागी यंत्र आले एवढेच. याच काळात तो बेनेडिक्टाइन पंथाचा गृहस्थ अनुयायी होता. ही गोष्ट जरा समजावून सांगितली पाहिजे. बेनेडिक्टाइन हे संन्याशांचे मठ. पण संसारात राहून त्या पंथाचे नित्यनेम पाळण्याची दीक्षा गृहस्थालाही घेता येते. आपल्याकडचा माळ घातलेला वारकरी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. हे ध्यानात ठेवा. पुढे याच पंथाच्या आद्य मठाशी त्याची गाठ पडायची आहे.

१९३४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैनिकांनी शपथ घेतली, ती देशाच्या नावाने नव्हे, राज्यघटनेच्या नावाने नव्हे, तर ॲडॉल्फ हिटलर या माणसाच्या नावाने. झेंगरनेही ती घेतली. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, असे त्याच्या बाजूने नेहमी सांगतात. खरे आहे, पण त्या काळात नोकरीतल्या सैनिकांना पक्षकार्याची मुभाच नव्हती, तेव्हा त्या प्रशस्तिपत्राला फारसे मोल नाही. मात्र हिटलरविषयी त्याला तिटकारा होता, आणि तो त्याने आपल्या निकटवर्तीयांपासून लपविला नाही, हे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

१९४० च्या फ्रान्सच्या मोहिमेत तो एक वेगवान मोटार-ब्रिगेड घेऊन रोमेलच्या हाताखाली शेरबुर्गपर्यंत धावला. ते बंदर १९ जून रोजी पडले. मग दोन वर्षे तूरिन येथे, फ्रान्स आणि इटली यांच्या तहाच्या मंडळावर, जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून. भाषा जाणणाऱ्या माणसाला साजेसे हे काम. येथे त्याने इटालियन माणूस जवळून पाहिला, आणि बहुतेक जर्मनांप्रमाणे त्याला हसण्याऐवजी तो त्याला समजून घेऊ लागला.

ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याला रशियाच्या आघाडीवर सतरावी पँझर डिव्हिजन मिळाली. पँझर म्हणजे चिलखत. जर्मन लोक रणगाड्यांच्या फौजेला हेच नाव देतात. रणगाड्यांचा सेनापती म्हणून झेंगरची खरी कामगिरी येथली, आणि ती अवघ्या काही महिन्यांची. स्टालिनग्राडमध्ये जनरल पाउलुसची सहावी सेना, अडीच लाखांच्या वर माणसे, रशियनांच्या वेढ्यात सापडली होती. तिला सोडविण्यासाठी १२ डिसेंबरला नैर्ऋत्येकडून चढाई सुरू झाली. झेंगरची डिव्हिजन तीत काही दिवसांनी सामील झाली. गाडे थोडे, माणसे थकलेली, उघडा बर्फाळ माळ. त्या माळावर तो आपल्या शिपायांत राहून लढला, हे त्याचे शत्रूही मान्य करतील. मिश्कोवा नदीपर्यंत ही फौज पोहोचली. तेथून वेढ्याची कड सुमारे पन्नास किलोमीटर उरली होती. पण आतल्या सेनेने बाहेर फुटून यावे असा हुकूम हिटलर देईना, आणि हुकमावाचून पाउलुस हलेना. नाताळाच्या सुमारास सोडवणूक करणाऱ्यांनाच माघार घ्यावी लागली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी सहाव्या सेनेचे उरलेसुरले नव्वद हजार लोक कैदी झाले. त्यांतले अगदी थोडे जिवंत परतले. झेंगरसारख्या माणसाला यानंतर युद्धाच्या निकालाविषयी शंका उरली नसेल असे मला वाटते. म्हणजे हरलेले युद्ध तो पुढे सव्वादोन वर्षे लढला.

१९४३ च्या उन्हाळ्यात तो सिसिलीला इटालियन सेनेबरोबरचा जर्मन प्रतिनिधी होता. तेथून सप्टेंबरमध्ये सार्डिनिया आणि कॉर्सिका या बेटांवर. आणि येथे त्याच्या आयुष्यातील अशी एक घटना घडली की तिच्याजवळ थोडे थांबले पाहिजे.

८ सप्टेंबरला इटलीची शरणागती जाहीर झाली. कालचे मित्र एका रात्रीत शत्रू झाले. हिटलर संतापला आणि हुकूम सुटला की जर्मनांना विरोध करताना सापडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घालाव्यात. हा हुकूम पोकळ नव्हता. ग्रीसजवळच्या केफालोनिया बेटावर तो अमलात आला. तेथे आकी नावाच्या इटालियन डिव्हिजनचे हजारो लोक शरण आल्यावर मारण्यात आले. कॉर्सिकात झेंगरच्या ताब्यात सुमारे दोनशे इटालियन अधिकारी होते. हा हुकूम आपण पाळणार नाही असे त्याने आपला वरिष्ठ केसेलरिंग याला कळविले, आणि त्या अधिकाऱ्यांना युद्धकैदी म्हणून तातडीने मुख्य भूमीकडे रवाना करून टाकले. केसेलरिंगने गोष्ट वाढविली नाही. झेंगरला शिक्षा झाली नाही. उलट ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत त्याने आपले सगळे सैन्य समुद्रमार्गाने आणि विमानांनी सुखरूप इटलीत आणले, म्हणून त्याची वाहवाच झाली, आणि त्याला बढती मिळून एक अख्खे कोअर हाती आले.

न्युरेंबर्गपासून पुढे प्रत्येक खटल्यात आरोपी सांगत आले की हुकूम मोडला असता तर आम्हालाच भिंतीशी उभे केले असते. येथे एका सेनापतीने हिटलरचा हुकूम मोडला, आणि तीन आठवड्यांत त्याला बढती मिळाली. झेंगरचे हे कृत्य त्याच्या खात्यावर जमा करावेच लागते. पण तेच कृत्य बाकीच्या सेनापतींच्या खात्यावर केवढे नावे पडते, ते पाहा.

आता आपण कासिनोकडे वळू.

नेपल्सहून रोमकडे जाणारा जुना राजरस्ता लिरी नदीच्या खोऱ्यातून जातो. या खोऱ्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या उजव्या हाताला, पाचशे मीटरांवर उंचीचा एक डोंगर सरळ उभा आहे. त्याच्या पायथ्याशी कासिनो गाव. आणि माथ्यावर मठ. हा मठ संत बेनेडिक्टने इसवी सन ५२९ च्या सुमारास स्थापिला. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातील संन्यासी-संप्रदायाचे हे मूळपीठ. लोंबार्डांनी तो एकदा उद्ध्वस्त केला, अरबांनी ८८३ साली दुसऱ्यांदा, १३४९ च्या भूकंपाने तिसऱ्यांदा. आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा बांधला गेला. डोंगरापुढे दक्षिणोत्तर वाहणारी नदी, थंड, खोल आणि जलद. वरच्या भागात तिला रापिदो म्हणतात, पुढे गारी. ज्याच्या हाती हा डोंगर त्याच्या नजरेखाली सगळे खोरे. सह्याद्रीतले आपले घाट आणि त्यांवर पहारा करणारे किल्ले ज्याने पाहिले आहेत त्याला येथली लढाई समजायला नकाशा लागत नाही.

या जागी झेंगर चौदावे पँझर कोअर घेऊन उभा होता. नाव पँझर कोअरचे, पण डोंगरात रणगाडे चालणार कोठे? लढाई पायदळाची आणि खेचरांची. आकाश दोस्तांच्या विमानांनी व्यापलेले, म्हणून दारूगोळा आणि भाकरी रात्रीच वर जायची. झेंगर स्वतः पायी डोंगर चढून पुढच्या ठाण्यांवर जात असे; कोणत्या कड्याआड किती माणसे शिल्लक आहेत ते स्वतः पाहून येई. घोडदळातील आणि पँझर दलातील माणसाने पहिल्या महायुद्धातल्यासारखी लढाई लढावी, हा योगायोग त्यालाही जाणवला होता. कासिनोची तुलना तो १९१६ च्या सोमच्या लढाईशी करतो.

१७ जानेवारी १९४४ च्या रात्री समुद्राकडच्या बाजूस ब्रिटिशांनी गारिल्यानो नदी ओलांडली. आपला उजवा पंख तुटतो आहे हे झेंगरने ओळखले आणि केसेलरिंगकडे रोमजवळच्या राखीव दोन्ही डिव्हिजन मागितल्या. केसेलरिंगने दिल्या. पंख सावरला. पण रोमजवळचा किनारा त्यामुळे मोकळा पडला, आणि २२ तारखेला दोस्तांनी नेमके तेथेच, आन्झियोला, सैन्य उतरविले. ते किनाऱ्यावरच रेंगाळले हे जर्मनांचे नशीब. मधल्या दोन दिवसांत अमेरिकनांच्या छत्तिसाव्या डिव्हिजनने, ही टेक्सास प्रांताची फौज, रापिदो ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि तिचे सोळाशेहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा नाहीसे झाले. युद्धानंतर टेक्सासच्या लोकांनी याची अमेरिकन काँग्रेसमध्ये चौकशी करायला लावली. गंमत, खरे तर गंमत कसली, अशी की झेंगरच्या कचेरीत या हल्ल्याची दखल एक स्थानिक चढाई परतविली एवढीच घेतली गेली. राखीव फौज हलवावीसुद्धा लागली नाही. एका बाजूला ज्या दिवसाने शेकडो घरे उजाड केली, तो दुसऱ्या बाजूच्या दप्तरात दोन ओळींचा झाला.

फेब्रुवारीत अमेरिकनांच्या जागी आपली चौथी हिंदी डिव्हिजन आली. तिच्या पलटणी आफ्रिकेत नावारूपास आल्या होत्या : राजपुताना रायफल्स, पंजाबी, गुरखे, आणि त्यांच्या जोडीला ब्रिटिश पलटणी. डिव्हिजनचा सेनापती जनरल टकर हा चिकित्सक माणूस. समोरच्या मठाची बांधणी कशी आहे याची माहिती त्याला वरून मिळेना, तेव्हा त्याने नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांतून एक जुने पुस्तक शोधून काढले. त्यावरून त्याला कळले की मठाच्या भिंती पायाशी दहा फूट जाड आहेत. असा बुरूज समोर ठेवून माझी माणसे मी डोंगरावर चढविणार नाही. एक तर तो पाडा, नाही तर वळसा घालून जाऊ द्या, असे त्याने सांगितले. वळसा नामंजूर झाला, आणि मठ पाडायचे ठरले.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी सकाळी २२९ बाँबफेकी विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत जर्मन सैनिक नव्हते. झेंगरने मठाभोवती हद्द आखून सैनिकांना आत जाण्यास बंदी केली होती. मात्र त्याची ठाणी उतारावर, मठाच्या अगदी जवळ होती, हेही सांगितले पाहिजे. १९४३ च्या नाताळात तो स्वतः प्रार्थनेसाठी मठात गेला होता, आणि त्या वेळी त्याने खिडकीतून खाली शत्रूच्या बाजूला पाहण्याचेही टाळले असे तो लिहितो. मठातील ग्रंथ आणि चित्रे जर्मनांनी आधीच हलविली होती. त्यांतल्या काही पेट्या वाटेत गळून गोअरिंगकडे पोहोचल्या, तो भाग वेगळा. बाँबवर्षावात मेले ते आश्रयाला आलेले खेडूत, दोनशेहून अधिक, बायकामुलांसह. आणि हे सगळे करून साधले काय? हिंदी पलटणींना विमाने नेमकी केव्हा येणार याची नीट सूचनाच नव्हती. त्या हल्ल्याला सज्ज नव्हत्या. धूळ बसली, आणि जर्मन छत्रीधारी सैनिक भग्नावशेषांत शिरून बसले. पडक्या भिंतीआड बचाव उभ्या इमारतीपेक्षा चांगला होतो हे कोणत्याही किल्लेदाराला ठाऊक असते. त्यानंतरच्या रात्रींत ससेक्स पलटण, राजपुताना रायफल्स आणि गुरखे वर चढले आणि काट्यांच्या जाळ्यांत, सुरुंगांत आणि मशीनगनच्या माऱ्यात कापले गेले. मार्चमध्ये पुन्हा तेच. नवव्या गुरखा रायफल्सची एक पलटण मठाच्या तटाखाली अवघ्या काही शे यार्डांवर, फाशीची टेकडी म्हणून जिला शिपायांनी नाव दिले तिच्यावर, नऊ दिवस तगून राहिली. विमानांतून टाकलेल्या अन्नापाण्यावर ती जगली, आणि अखेर रात्रीच्या अंधारात तिला परत बोलवावे लागले. हा सगळा रक्तपात ज्याच्या कौशल्यामुळे झाला तो आपल्या आजच्या व्याख्यानाचा नायक.

आता बाँबवर्षावानंतरची एक गोष्ट. मठाधिपती दियामारे हे ऐंशीच्या घरातले वृद्ध. १७ तारखेला पहाटे, उरलेल्या थोड्या माणसांना घेऊन, लाकडी क्रूस पुढे धरून ते डोंगर उतरले. झेंगरने त्यांना आपल्या मुक्कामी आणविले, विसावा दिला. आणि दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाचे यंत्र पुढे ठेवून त्यांच्याशी बोलला. मठात जर्मन सैनिक कधीच नव्हते हे मठाधिपतींच्या तोंडून जगाला ऐकवायचे होते. ती गोष्ट खरीच होती. पण पुढे रोमच्या वाटेवर गोबेल्सच्या खात्याच्या माणसांनी त्या थकलेल्या वृद्धाला पुन्हा गाठले आणि आणखी बोलते करण्याचा छळ मांडला. याबद्दल झेंगर फार संतापला. त्याचा संताप खोटा नव्हता. पण ते ध्वनिमुद्रणाचे यंत्र पहिल्यांदा कोणी पुढे ठेवले होते? धर्मशील शिष्याने गुरुपीठाच्या दुःखाचा उपयोग आपल्या धन्याच्या प्रचारासाठी केला, आणि धन्याने तोच धंदा अधिक निलाजरेपणे केला तेव्हा मात्र शिष्याला राग आला. झेंगरची सगळी गुंतागुंत मला या एका प्रसंगात दिसते.

त्याच्या हाताखालचा जनरल बाडे म्हणून एक विलक्षण इसम होता. तोही घोडेस्वार, झेंगरचा स्नेही. तो आपल्या गणवेशावर स्कॉटिश लोकांचा चुणीदार घागरा घालून आघाडीवर फिरे. नाझींच्या सैन्यात असलेही नग होते! युद्ध संपता संपता तो जखमी होऊन मेला.

एप्रिलमध्ये पराक्रमाचे पदक घेण्यासाठी झेंगरला हिटलरपुढे बोलावण्यात आले. पदक झाले, त्याला जोडून एक वर्ग झाला, मग रजा. ११ मे रोजी रात्री दोस्तांनी चौथी आणि अखेरची चढाई सुरू केली तेव्हा कोअरचा सेनापती जर्मनीत होता. वरचा सेनापती फिटिंगहोफ हाही रजेवर! झेंगर १७ मे रोजी परतला, तोवर फ्रेंचांच्या मोरोक्कन तुकड्यांनी, जेथून कोणी येणार नाही असे मानले होते त्या डोंगरांतून वाट काढली होती. १८ मेला पोलिश सैनिकांनी मठाच्या ढिगाऱ्यावर आपले निशाण लावले. त्याच चढाईत खाली गारी नदी ओलांडणारी आठवी हिंदी डिव्हिजन होती. तीत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. नदी ओलांडल्यावर १२ मेच्या सकाळी पंजाब रेजिमेंटच्या कमल राम या एकोणीस वर्षांच्या शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पुढे त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे पडले. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून पाठीवर वाहून आणले. हे दोन व्हिक्टोरिया क्रॉस मराठा पलटणींचे. इटलीची लढाई आपल्याला दूरची वाटते, पण कोकणातल्या आणि नगरकडच्या घरांना ती दूरची नव्हती.

यापुढची हकीकत मी थोडक्यात सांगतो. झेंगर माघार घेत घेत बोलोन्याच्या डोंगरांपर्यंत गेला आणि तेथे आणखी एक हिवाळा लढला. एप्रिल १९४५ मध्ये पो नदीकाठी त्याचे कोअर मोडले. २ मेपासून इटलीतील शरणागती लागू झाली, आणि ४ मे रोजी फ्लॉरेन्स येथे जनरल मार्क क्लार्कपुढे जर्मन सेनेच्या वतीने उभे राहण्याचे काम याच्या वाट्याला आले. इंग्रजी उत्तम येते ना, मग जा! असेच काहीसे झाले असावे.

आता मूळ प्रश्न. झेंगरसारख्यांचा विचार करताना आपल्याकडे भीष्मद्रोणांचे नाव हटकून निघते. अन्न ज्याचे खाल्ले त्याच्या बाजूने लढणे, मन मात्र दुसरीकडे असणे. उपमा वरवर जुळते. पण भीष्मांनी आपल्याला कसे पाडावे हे युधिष्ठिराला सांगितले होते. झेंगरने तसे काही केले नाही. २० जुलै १९४४ रोजी हिटलरवर बाँब टाकणाऱ्यांचा जो कट होता, त्यात तो नव्हता. आपण लढण्याचे थांबलो तर आपली माणसे मरतील, राष्ट्र हरले तरी सेनापतीने आपले काम चोख केलेच पाहिजे, असा त्याचा विचार. त्याच्या आठवणींची इंग्रजी आवृत्ती निघाली तिचे नाव ‘ना भय ना आशा’ अशा अर्थाचे आहे. आपल्या कानांना यात स्थितप्रज्ञाचा सूर लागतो, आणि म्हणूनच आपण सावध राहिले पाहिजे. फलाची आशा सोडून कर्म करावे हे खरे; पण कोणते कर्म, हा प्रश्न त्याने सुटत नाही. कासिनोला जर्मन आघाडी जानेवारीपासून मेपर्यंत टिकली. ते चार महिने युरोपात मृत्यूच्या छावण्या चालू होत्या. मार्चमध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापला, आणि मे ते जुलै या काळात तेथून चार लाखांवर ज्यू आउश्विट्झला रवाना झाले. आघाडी टिकविणाराने हे केले नाही. पण आघाडी टिकली म्हणून हे करायला सवड मिळाली. इटलीतही त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणि शरदात जर्मन फौजांनी सांत’आन्ना आणि मार्झाबोत्तो येथे शेकडो निःशस्त्र खेडूत मारले. हे झेंगरच्या हुकमाने झाले असे मी म्हणत नाही. पण दोनशे अधिकारी वाचविणाऱ्याच्या विवेकाची हद्द त्याच्या हुकमतीच्या हद्दीशी संपत होती, एवढे मी म्हणतो.

बंदिवासात त्याला ब्रिटनमध्ये ठेवले होते. वेल्समधील ब्रिजेंड येथे जर्मन सेनापतींची एक खास छावणी होती. १९४८ साली तो सुटला. घर, पगार, हुद्दा यांपैकी काही उरलेले नव्हते. वय छप्पन्न. त्याला काम मिळाले ते शाळेत. बोडेन सरोवराजवळ सालेम नावाची निवासी शाळा आहे. कुर्ट हान या ज्यू शिक्षणतज्ज्ञाने १९२० साली ती काढली. १९३३ साली नाझींनी हानला आधी तुरुंगात टाकले आणि मग देशाबाहेर घालविले. त्याने स्कॉटलंडमध्ये गॉर्डन्स्टन ही शाळा काढली. अशा माणसाच्या संस्थेत हिटलरचा एक माजी सेनापती मुलांची देखभाल करू लागला. शिवाय तो वृत्तपत्रांतून आणि रेडिओवर लष्करी विषयांवर लिहू-बोलू लागला. पुष्कळ माजी सेनापती त्या वेळी आपल्या लढाया कागदावर पुन्हा लढून जिंकत होते. याचे लिखाण त्यांच्या मानाने संयमाचे.

ऑक्टोबर १९५० मध्ये आडेनॉअर सरकारच्या सांगण्यावरून पंधरा माजी अधिकारी आइफेल डोंगरातील हिमेरोड येथे गुप्तपणे जमले. जागा पुन्हा एक मठच. पश्चिम जर्मनीने नवे सैन्य कसे उभारावे याचा मसुदा त्यांनी तयार केला. झेंगर त्या पंधरांत होता. या मसुद्याची एक बाजू चांगली आहे : सैनिक हा आधी नागरिक आहे, आणि सैन्य लोकसभेच्या ताब्यात असले पाहिजे, हा विचार त्यात शिरला, त्याचे श्रेय मुख्यतः बाउडिसिन या तरुण अधिकाऱ्याचे. १९५५ साली उभे राहिलेले जर्मन सैन्य या पायावर आहे. दुसरी बाजू अशी की, युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झालेल्यांना, हुकमाचे ताबेदार म्हणून, सोडावे आणि जर्मन सैनिकाची बदनामी थांबवावी, अशा अटी त्यात होत्या. गुन्हे केले ते हिटलरच्या खास पथकांनी, सैन्य मात्र स्वच्छ राहिले, ही कथा त्यानंतर जर्मनीत चाळीस वर्षे सांगितली गेली. ती खरी नाही हे आता इतिहासकारांनी कागदपत्रांनिशी दाखविले आहे. १९९५ साली हाम्बुर्गमध्ये याच विषयावर भरलेल्या प्रदर्शनाने सारा देश ढवळून निघाला. कॉर्सिकात हुकूम मोडणारा झेंगर ‘हुकमाचे ताबेदार’ या सबबीच्या मसुद्यात सामील होतो, हे मला त्याच्या उत्तरायुष्यातले सर्वांत न उलगडणारे वाटते. ही सबब खोटी आहे हे त्या पंधरांपैकी त्याच्याइतके स्वानुभवाने कोणाला ठाऊक होते?

त्याच्या आठवणी १९६० साली जर्मन भाषेत निघाल्या. १९६३ साली इंग्रजी भाषांतर आले. त्याला लिडेल हार्ट या इंग्रज युद्धशास्त्रज्ञाची प्रस्तावना आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत झेंगर फ्रायबुर्ग येथे वारला. पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर १९६४ रोजी, पुन्हा जसाच्या तसा बांधलेल्या कासिनोच्या मठाची प्रतिष्ठापना पोप सहावे पॉल यांच्या हस्ते झाली. झेंगरचा मुलगा फेर्डिनांड हाही रणगाड्यांचाच जाणकार. रणगाड्यांवरचे त्याचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. तो नव्या जर्मन सैन्यात वर चढत गेला आणि १९७९ ते १९८३ या काळात मध्य युरोपातील नाटोच्या सर्व फौजांचा सेनापती होता. म्हणजे अमेरिकन आणि ब्रिटिश पलटणी त्याच्या हुकमतीत होत्या.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि जुन्या ग्रंथालयांतून मिळू शकते. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी आरंभापासून वाचण्याचा हट्ट धरू नये. रशियाचा भाग लष्करी तपशिलांनी जड आहे. कासिनोची प्रकरणे आधी वाचावीत, आणि शेजारी चौथ्या हिंदी डिव्हिजनचा एखादा इतिहास उघडा ठेवावा. एकाच डोंगराच्या एकाच रात्रीचे वर्णन दोन्ही बाजूंनी वाचायला मिळते.